शेवटच्या वीस मिनिटांत नेमके काय निसटले?

पडदाप्रेमी (प्रश्न)

परवा रात्री पाहिलेला एक थरारपट अजून मनातून जात नाही. पावणेदोन तास त्याने मला जागचे हलू दिले नाही आणि शेवटच्या वीस मिनिटांत सगळ्यावर पाणी फिरवले. चित्रपटाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला शेवटाबद्दलच सविस्तर बोलायचे आहे आणि ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांचा रसभंग करण्याची इच्छा नाही. ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढची चार वाक्ये वाचताच तो ओळखू येईल.

नायिका न्यायालयासाठी काम करते. ध्वनिफितींवरचे जबाब ऐकायचे आणि शब्दन् शब्द टंकलिखित करायचा, एवढेच तिचे काम. दिवसभर कानांवर हेडफोन आणि पायाखाली एक पट्टी असते. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते आणि पाय उचलला की थांबून दोन शब्द मागे येते. एका खुनाच्या खटल्यातील मुख्य साक्षीदाराचा जबाब ऐकताना सतराव्या मिनिटाला तीन सेकंदांची शांतता येते. ती पाय उचलते, मागे जाते, पुन्हा ऐकते. त्या शांततेच्या आधी साक्षीदाराचा आवाज मोठ्या, रिकाम्या खोलीत घुमल्यासारखा आहे, तर नंतर तोच आवाज गालिचे आणि पडदे असलेल्या खोलीत बोलल्यासारखा दबलेला आहे. म्हणजे जबाब दोन ठिकाणी घेतला गेला आणि मधले काहीतरी कापले गेले. हा सगळा शोध दिग्दर्शकाने एकही संवाद न वापरता, केवळ तिच्या चेहऱ्यावर आणि त्या पट्टीवरच्या पायावर कॅमेरा ठेवून दाखवला आहे, आणि इतके साधे दृश्य इतके श्वास रोखून मी क्वचितच पाहिले असेल.

पुढे संशय तिघांवर जातो. तपास अधिकारी, सरकारी वकील आणि तिला हे काम शिकवणारा तिचा वरिष्ठ सहकारी. मध्यंतराच्या सुमारास एक प्रसंग आहे. रात्री कार्यालयात ती एकटीच हेडफोन लावून बसली आहे, तिच्या पाठीमागचे दार सावकाश उघडते, आपल्याला ते दिसते आणि तिला मात्र ऐकू येत नाही. जिचा सगळा भरवसा कानांवर आहे, तिचे कानच त्या क्षणी बंद आहेत. तिथे माझ्या पाचावर धारण बसली.

आणि मग शेवट येतो. सरकारी वकिलांचा धाकटा भाऊ, जो तोवर फक्त एकदा फाइल देण्यापुरता दिसला होता, तो तिला एका गोदामात बोलावतो, पिस्तूल रोखतो आणि सहा-सात मिनिटे उभ्या उभ्या सगळा गुन्हा सांगून टाकतो. खून का केला, साक्षीदाराला कसे फितवले, फीत कुणी कापली, सारे काही. सांगून होते न होते तोच तपास अधिकारी येतो, गोळी सुटते, पहाट होते आणि चित्रपट संपतो. ज्या फितीभोवती सगळी कथा फिरली, ती न्यायालयात कुणी ऐकतसुद्धा नाही.

खुनी आधी ओळखता आला नाही ही माझी तक्रार नाही. तो ओळखता आला असता तरीही मला चालले असते. तरीही फसवणूक झाल्याची भावना आहे आणि तिचे कारण मला स्वतःला नीट सांगता येत नाही. इथे रहस्यपट जाणिवेने पाहणारे बरेच जण आहेत. घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे?

निर्वहण

हा चित्रपट मीही पाहिला आहे आणि तुमची अस्वस्थता मला पूर्ण पटते. तुम्ही कारण सापडत नाही असे म्हटले असले, तरी तुमच्याच वर्णनात ते लिहिले गेले आहे. नायिकेकडे एकच शस्त्र आहे, तिचा कान. चित्रपटाने पावणेदोन तास खर्चून आपल्याला त्या कानावर विश्वास ठेवायला शिकवले आणि निर्णायक घटकेला ते शस्त्र तिच्या हातून काढून घेऊन पिस्तूल एका पुरुषाच्या हातात आणि दुसरे दुसऱ्याच्या हातात दिले. गोदामातल्या प्रसंगात तिच्या जागी ऐकू न येणारी कुणी व्यक्ती असती तरी घटनाक्रमात काडीचाही फरक पडला नसता. तुम्हाला जाणवलेली फसवणूक मला तरी इथेच दिसते.

मी ‘निर्वहण’ हे टोपणनाव उगाच घेतलेले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधीत बीज पेरले जाते, मधल्या संधींत ते कधी दिसते, कधी दिसेनासे होते, आणि निर्वहणात आधी विखुरलेले सगळे अर्थ एका प्रयोजनाशी आणून बांधले जातात. विशेष म्हणजे निर्वहणात अद्भुत रस असावा, अशी अपेक्षा तिथे व्यक्त केली आहे. म्हणजे प्रेक्षक चकित व्हावा, पण ते आश्चर्य पहिल्याच संधीत पेरलेल्या बीजाचे असावे. आपल्या चित्रपटात बीज आहे ती तीन सेकंदांची शांतता. शेवटी फळ आले ते भलत्याच झाडाचे.

ग्रीकांकडेही ही तक्रार जुनीच आहे. कथेची उकल कथेतूनच व्हावी, यंत्राने रंगमंचावर उतरवलेल्या देवाकडून नव्हे, असे ॲरिस्टॉटलने बजावले आहे आणि उदाहरण म्हणून युरिपिडीजच्या ‘मीडिया’ या नाटकाचा शेवट दिला आहे, जिथे नायिका सूर्याच्या रथातून निघून जाते. ऐन वेळी दारात उभा राहणारा तपास अधिकारी हा त्याच रथाचा वंशज आहे. त्याला गोदामाचा पत्ता कुणी दिला, हे आपल्याला कळत नाही, हे तुमच्या लक्षात आले का?

आवाजावर उभ्या राहिलेल्या कथेचा शेवट कसा करावा, याचे उदाहरण पाहायचे असेल तर कोपोलाचा १९७४ सालचा ‘द कन्व्हर्सेशन’ पाहावा. त्यात हेरगिरीसाठी ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ एका जोडप्याचे संभाषण चोरून मुद्रित करतो आणि त्यातले एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून ते जोडपे धोक्यात आहे असा अर्थ लावतो. शेवटाकडे तेच वाक्य पुन्हा ऐकू येते, फक्त एका शब्दावरचा जोर बदललेला असतो, आणि त्या एका आघाताने सगळा अर्थ उलटा होतो. तिथेही गुन्हेगार कोण हे कळते, पण ते कानांनी कळते.

दुसरी_बाजू

निर्वहण यांचे विवेचन वाचून आनंद झाला, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. गुन्हेगाराने शेवटी सगळे सांगून टाकणे हाच दोष, असे धरून चर्चा चालली आहे आणि ते मला पटत नाही. रहस्यपटाला कधीतरी उलगडा करावाच लागतो. हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’तही अखेरीस एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून बरीच मिनिटे नायकाच्या मनाची फोड करून सांगतो. ते भाषण कंटाळवाणे आहे, यावर अनेक समीक्षकांचे एकमत आहे; परंतु हिचकॉक तिथे थांबत नाही. भाषण संपल्यावर तो आपल्याला कोठडीत नेतो, पांघरूण लपेटून बसलेला तो तरुण दाखवतो आणि त्याच्या मनात बोलणारा आईचा आवाज ऐकवतो. स्पष्टीकरणाने जे कळले ते वाऱ्यावर विरून जाते आणि त्या चेहऱ्याची भीती तेवढी उरते. भाषण असूनही शेवट टिकला, कारण त्यानंतर चित्रपटाकडे दाखवण्यासारखे काहीतरी शिल्लक होते. आपल्या चित्रपटाकडे भाषणानंतर फक्त पहाट शिल्लक होती.

उलट, उलगडा मुळीच न करणारे शेवटही मी पाहिले आहेत आणि ते अपुरे वाटले नाहीत. बोंग जून-हो यांचा २००३ सालचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा दक्षिण कोरियात १९८६ ते १९९१ या काळात घडलेल्या हत्यासत्रावर आधारलेला आहे आणि चित्रपट आला तेव्हा खरा खुनी सापडलेला नव्हता. अखेरच्या दृश्यात पोलिसातली नोकरी सोडून दिलेला नायक पहिले प्रेत जिथे मिळाले त्या जागी परत येतो, एका लहान मुलीकडून काहीतरी ऐकतो आणि थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्या डोळ्यांत पाहतो. तो खुनी प्रेक्षागृहात बसलेला असू शकतो, हा त्या नजरेचा अर्थ. पुढे २०१९ साली जनुकीय चाचणीमुळे खरा गुन्हेगार निष्पन्न झाला, तो दुसऱ्या गुन्ह्यासाठी आधीपासूनच तुरुंगात होता. हे सगळे ठाऊक असूनही ती नजर आज तितकीच अंगावर येते. तेव्हा प्रश्न उलगडा करावा की न करावा हा नाहीच. आधीच्या दोन तासांत चित्रपटाने आपल्याला ज्या पद्धतीने पाहायला लावले, त्याच पद्धतीने शेवटही पाहायला लावला का, हे तपासायला हवे.

आणि एक विनंती. पडदाप्रेमी यांनी शेवटाची वीस मिनिटे पुन्हा एकदा पाहावीत, पण पडद्याकडे कमी लक्ष देऊन, हेडफोन लावून. ज्याने ती शांतता इतक्या बारकाईने रचली, त्या ध्वनिरचनाकाराने गोदामात अगदीच पाट्या टाकल्या असतील, हे माझ्या मनाला पटत नाही.

संकलनमेज

मी चित्रपटसंकलनाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो, त्यामुळे थोडे तांत्रिक लिहितो.

प्रथम त्या तीन सेकंदांविषयी, कारण ती कल्पना केवळ सुंदर नसून शास्त्रशुद्धही आहे. निःशब्द खोली कधीच निःशब्द नसते. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा असा एक पोत असतो. पंखा, भिंती, बाहेरचा रस्ता, सगळे मिळून तो तयार होतो. म्हणूनच चित्रीकरण संपल्यावर सर्वांना स्तब्ध उभे करून साधारण अर्धा मिनिट त्या जागेची रिकामी शांतता मुद्रित केली जाते आणि संकलनात संवादांमधल्या फटी तिनेच बुजवल्या जातात. एका जागेच्या शांततेत दुसऱ्या जागेची शांतता जोडली तर सामान्य प्रेक्षकालाही काहीतरी खटकते, मग भले त्याला ते नाव घेऊन सांगता येवो न येवो. न्यायवैद्यक तपासात तर याहून पुढे जाऊन विद्युतपुरवठ्याची गुणगुण तपासतात. ही गुणगुण देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झच्या आसपास असते आणि ती मुद्रणात नकळत उतरते. सलग मुद्रणात ती सलग चालते. मध्येच कापाकापी केली असेल तर तिच्या लाटेत खंड पडतो आणि जोड उघडा पडतो. एवढे भक्कम हत्यार हाताशी असताना पटकथेने ते न्यायालयात नेलेच नाही, याचे मला व्यावसायिक दृष्टीनेही वाईट वाटले.

आता शेवटाविषयी. गोदामाचा प्रसंग मी काळजीपूर्वक पाहिला आणि तो नंतर, घाईने पुन्हा चित्रित केला असावा, असे माझे अनुमान आहे. त्याच रात्रीच्या आधीच्या दृश्यात नायिकेचे केस खांद्याच्या खाली आहेत आणि गोदामात ते खांद्याला जेमतेम टेकतात. भावाच्या कबुलीतली सर्वांत महत्त्वाची वाक्ये तो पाठमोरा असताना किंवा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर असताना येतात. ओठ दिसत नसले की हवे ते वाक्य नंतर बसवता येते. तिसरी गोष्ट अशी की सबंध चित्रपटात संवादांच्या मागे खोल्यांचे पोत किती प्रेमाने राखले आहेत, आणि गोदामातला आवाज मात्र ध्वनिमुद्रण कक्षात बोलल्यासारखा कोरडा आहे.

असे पूर्वीही घडले आहे. १९८७ सालच्या ‘फेटल अट्रॅक्शन’च्या मूळ शेवटात झिडकारली गेलेली स्त्री आत्महत्या करते आणि सुरीवरच्या ठशांमुळे नायक अडकतो, चाचणी प्रदर्शनात प्रेक्षकांना ते रुचले नाही, म्हणून न्हाणीघरातल्या झटापटीचा शेवट नव्याने चित्रित झाला. त्याआधी १९४१ साली हिचकॉकच्या ‘सस्पिशन’मध्ये, मूळ कादंबरीत खुनी असलेला नवरा पडद्यावर निर्दोष ठरवण्यात आला, कारण ती भूमिका करणाऱ्या कॅरी ग्रँटसारख्या लोकप्रिय नटाला खुनी दाखवणे निर्मात्यांना परवडणारे नव्हते. १९३४ ते १९६८ या काळात तर अमेरिकेत चित्रपटउद्योगाची स्वतःची आचारसंहिता अशी होती की गुन्हेगाराला शिक्षा न होता चित्रपट संपवताच येत नसे. ‘द बॅड सीड’ या १९५६ सालच्या चित्रपटात, कादंबरीत जिवंत राहणाऱ्या लहान खुनी मुलीवर चक्क वीज कोसळते. वर रथाचा उल्लेख झाला आहे. वीज त्याहून वेगवान असते, इतकाच फरक. आता ती संहिता नाही, पण प्रेक्षक नाराज होऊन घरी जाईल ही भीती तशीच आहे, आणि त्या भीतीपोटी अखेरच्या घटकेला गोळी, पहाट आणि कबुली आणली जाते. मला याचा मनापासून राग येतो, कारण ज्या माणसांनी वर्षभर खपून ते पहिले पावणेदोन तास घडवले, त्यांच्याच श्रमांचे मोल त्यात कमी होते.

पडदाप्रेमी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसरी_बाजू यांच्या सूचनेप्रमाणे काल रात्री शेवटची वीस मिनिटे हेडफोन लावून तीन वेळा ऐकली आणि जे सापडले ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गोदामात भाऊ बोलायला सुरुवात करण्याआधी, तो अजून अंधारात असताना, एक बारीक आवाज येतो. कळदार पेनाची खिटी दोनदा दाबल्यासारखा: टक्, क्षणभर थांबून पुन्हा टक्. त्या आवाजावर नायिकेची मान किंचित वळते आणि तिचे डोळे बारीक होतात, ते अगदी अर्धा सेकंद. लगेच दिवा लागतो, पिस्तूल दिसते आणि भाषण सुरू होते. पहिल्यांदा पाहताना तो आवाज मला ऐकू आला असेलही, पण पिस्तुलाने तो पुसून टाकला.

मग मी सतराव्या मिनिटाकडे परत गेले, म्हणजे चित्रपटातल्या फितीच्या सतराव्या मिनिटाकडे. ती तीन सेकंदांची शांतता पूर्ण रिकामी नाही. अगदी तळाशी, साक्षीदार पुन्हा बोलू लागण्याच्या जरा आधी, तोच आवाज आहे. टक्, क्षणभर थांबून पुन्हा टक्. दुसऱ्या खोलीत साक्षीदारासमोर कुणीतरी बसले होते आणि त्याला पेनाची खिटी दाबण्याची सवय होती. एवढेच नव्हे, भाऊ फाइल देण्यासाठी आला होता त्या एकमेव दृश्यातही, सही करून घेताना तो पेन तसाच दाबतो. तेव्हा मी त्याच्या हाताकडे पाहिलेच नव्हते.

म्हणजे बीज पेरलेले होते. इतक्या नीट पेरलेले होते की त्याला पाणी घालायची तेवढी गरज होती, आणि त्यावर पिस्तुलाचा धुरळा उडवला. आता माझी निराशा कमी झाली की वाढली, हेच मला कळेनासे झाले आहे.

संकलनमेज

तुम्ही लिहिलेले वाचून मीही ती तीन ठिकाणे ओळीने ऐकली. तिन्ही ठिकाणी तो एकाच पेनाचा आवाज आहे, दोन टकांमधले अंतरही जवळपास सारखेच आहे. हा योगायोग असू शकत नाही. तिची मान वळते तो तुकडा पहिल्या चित्रीकरणातला असावा, कारण त्यात तिचे केस लांब आहेत. नंतर चित्रित केलेला भाग सुरू होतो तो दिवा लागल्यानंतर. कुणीतरी संकलकाने, बाकी सगळे बदलावे लागत असताना, तेवढा अर्धा सेकंद आणि तो आवाज हट्टाने राखून ठेवला आहे, असे मला वाटते. त्या अनोळखी व्यवसायबंधूविषयी मला फार आदर वाटला.

निर्वहण

मग मूळ शेवट कसा असेल, हे आता जवळजवळ दिसू लागते. अंधार आहे, तिला समोरचा माणूस दिसत नाही आणि म्हणून आपल्यालाही दिसत नाही. टक्, पुन्हा टक्. ती काहीच बोलत नाही, पण तिने त्याला ओळखले आहे आणि तिने ओळखले हे त्याला ठाऊक नाही. हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मेजाखालच्या बाँबचे उदाहरण दिले होते: अचानक स्फोट झाला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो, पण बाँब आहे हे त्याला आधी सांगितले तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. इथे बाँब तो पेन आहे. तिने घाबरल्याचे न दाखवता त्याच्याशी बोलत राहायचे, त्याला बोलते ठेवायचे, आणि या वेळी मुद्रण तिच्या स्वतःच्या यंत्रावर चालू असायचे. कबुलीही त्यातच आली असती, तिला ती मिळवावी लागली असती. त्यानंतर न्यायालयात दोन फिती एकामागोमाग लावल्या जातात, दोन्हींत तोच आवाज येतो, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या भावाचा हात खिशातल्या पेनावर जाऊन थांबतो.

पडदाप्रेमी

तो हात थांबलेला मला आता दिसतो आहे. आज रात्री मी चित्रपट पहिल्यापासून पुन्हा पाहणार आहे आणि तिची मान वळते तिथे थांबवणार आहे.